पुंगळी का अडकते?
स्पर्धेच्या पिस्तुलातील एका बिघाडाचा शोध

ऑलिंपिक सामन्यांत २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल या नावाचा एक प्रकार आहे. नेमबाजापुढे २५ मीटर अंतरावर पाच लक्ष्ये एका ओळीत असतात आणि प्रत्येक लक्ष्यावर एक याप्रमाणे पाच गोळ्या झाडावयाच्या असतात. पाच गोळ्यांच्या ह्या मालिकेसाठी प्रथम ८ सेकंद, नंतर ६ सेकंद आणि शेवटी अवघे ४ सेकंद मिळतात. भारताच्या विजय कुमार यांनी २०१२ साली लंडन येथे ह्याच प्रकारात रौप्यपदक मिळविले. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारातील जलद टप्प्यात लक्ष्य प्रत्येक गोळीसाठी ३ सेकंद समोर येते व मग ७ सेकंद दूर होते. ह्या प्रकाराशी महाराष्ट्राचे नाते जवळचे आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत मूळच्या पुण्याच्या अनिसा सय्यद यांनी सुवर्णपदक व कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी रौप्यपदक मिळविले, आणि दोघींनी मिळून जोडीचे सुवर्णपदकही जिंकले. राही सरनोबत यांनी पुढे २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळविले.

अशा सामन्यात नेमबाजाजवळ काडतूस हाताने भरण्यास वेळ नसतो. एक गोळी सुटल्यावर तिची रिकामी पुंगळी बाहेर फेकणे आणि दुसरे काडतूस नळीत सरकविणे ही दोन्ही कामे पिस्तूल स्वतःच करते. त्यात पुंगळी आत अडकली की सर्व काम तेथेच थांबते. वर्षभराची तयारी एका पितळी नळकांड्यापाशी अडून राहते. ऑलिंपिकमधील बिघाडाची किंमत काय असते हे २०२१ साली टोकियो येथे दिसून आले. १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात मनू भाकर यांच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि ५७५ गुण मिळूनही त्या बाराव्या क्रमांकावर राहिल्या. त्या पिस्तुलात काडतूस नसते, म्हणून तो बिघाड निराळा होता. परंतु सामन्याच्या वेळी यंत्र थांबणे म्हणजे काय, ते त्यावरून कळते.

पुंगळी अडकली की बहुतेकांची दृष्टी प्रथम तिला ओढणाऱ्या आकडीकडे जाते. आकडी बदलली जाते, तिची स्प्रिंग बदलली जाते, आणि पुष्कळदा बिघाड तसाच राहतो. असे का होते, हे समजण्यासाठी गोळी सुटते त्या क्षणी पिस्तुलाच्या आत काय घडते ते पाहिले पाहिजे.

काडतुसाची रचना

२५ मीटरांच्या ह्या दोन्ही प्रकारांत पॉइंट बावीस लाँग रायफल ह्या जातीचे काडतूस वापरले जाते. हे काडतूस १८८७ साली अमेरिकेत निघाले आणि आजही त्याचे मूळ स्वरूप कायम आहे. त्याचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या तोंडात बसविलेली शिशाची गोळी, पोटातील दारू आणि बुडाशी असलेले पेटविण्याचे मिश्रण. पुंगळीची लांबी सुमारे १५.६ मिलिमीटर व व्यास सुमारे ५.७ मिलिमीटर असतो. गोळीचे वजन बहुधा २.६ ग्रॅम असते. पुंगळीची भिंत फार पातळ असून तिची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास भरते.

पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली एक कड असते. पेटविण्याचे मिश्रण ह्या कडेच्या पोकळीत भरलेले असते. फायरिंग पिन कडेवर आपटली की कड चेपते, मिश्रण पेटते आणि दारूला आग लागते. म्हणजे ह्या कडेकडे तीन कामे आहेत. ती काडतुसाला चेंबरमध्ये पुढे जाऊ देत नाही, ती आग पेटविते, आणि आकडी तिलाच धरते. मोठ्या काडतुसांचे बूड भरीव व जाड असते. ह्या लहान काडतुसाची कड मात्र पोकळ व मऊ असते. जोराने ओढल्यास ती वाकते किंवा तिचा तुकडा निघतो. पुढील विवेचनात ही गोष्ट महत्त्वाची ठरेल.

भारतात लहान शस्त्रांच्या काडतुसांचे जुने केंद्र पुण्याजवळील खडकी हे होय. तेथील दारूगोळ्याचा कारखाना १८६९ साली सुरू झाला.

पुंगळीला मागे कोण ढकलते?

नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसण्यासाठी जी गुळगुळीत जागा कोरलेली असते तिला चेंबर म्हणतात. चेंबरचे मागचे तोंड एक पोलादी ठोकळा बंद करतो. हा ठोकळा म्हणजे बोल्ट. स्पर्धेच्या बहुतेक पॉइंट बावीस पिस्तुलांत बोल्टला कडी-कुलूप नसते. तो केवळ आपल्या वजनाने व मागच्या स्प्रिंगच्या दाबाने चेंबरच्या तोंडाशी टेकलेला असतो.

दारू पेटली की पुंगळीत वायूचा दाब एकदम चढतो. ह्या काडतुसासाठी दाबाची कमाल मर्यादा दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १७०० किलोग्रॅम इतकी धरलेली आहे. पुंगळीच्या बुडाचे आतील क्षेत्रफळ सुमारे एक पंचमांश चौरस सेंटीमीटर असते. म्हणजे दाब मर्यादेजवळ गेला तर त्या क्षणी पुंगळीच्या बुडावर ३०० किलोग्रॅमहून अधिक वजनाएवढा रेटा पडतो. गोळी पुढे जाते आणि पुंगळी मागे सरू लागून बोल्टला ढकलते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे हे उदाहरण होय.

बोल्ट जड व गोळी हलकी असल्यामुळे दोघांचे वेग निराळे असतात. हिशेबासाठी बोल्टचे वजन २०० ग्रॅम व गोळीचा वेग सेकंदाला ३०० मीटर धरल्यास, गोळीच्या मानाने बोल्ट ७७ पट जड ठरतो. म्हणून त्याचा वेग ७७ पट कमी, म्हणजे सेकंदाला सुमारे ३.९ मीटर येतो. नियमाप्रमाणे ह्या पिस्तुलाची नळी १५३ मिलिमीटरांपेक्षा लांब असू शकत नाही. गोळी ती नळी एक हजारांश सेकंदाच्या आत ओलांडते, आणि तेवढ्या अवधीत बोल्ट जेमतेम २ मिलिमीटर मागे सरकलेला असतो. गोळी बाहेर पडून दाब उतरल्यावर बोल्ट मिळालेल्या वेगाने मागेच जात राहतो.

ह्यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पुंगळीला चेंबरमधून बाहेर काढणारी मुख्य शक्ती वायूची आहे, आकडीची नव्हे. पुंगळीच बोल्टला मागे ढकलत असते. इटलीच्या बेरेट्टा कारखान्याने १९५० च्या दशकात काढलेल्या ९५० ह्या खिशातल्या पिस्तुलाला आकडी मुळीच नाही. त्यातून पुंगळ्या केवळ वायूच्या जोराने बाहेर पडतात.

मग स्पर्धेच्या पिस्तुलात आकडी कशासाठी असते? तिची दोन कामे आहेत. पहिले काम, पुंगळी बोल्टच्या तोंडाशी धरून ठेवण्याचे. बोल्ट मागे येताना पुंगळीच्या कडेची दुसरी बाजू एका स्थिर खुंटीवर आपटते; एका बाजूस आकडीने धरलेली व दुसऱ्या बाजूस खुंटीने अडविलेली पुंगळी त्यामुळे गिरकी घेऊन खिडकीतून बाहेर उडते. दुसरे काम न उडालेले काडतूस बाहेर काढण्याचे. तेथे वायूची मदत नसल्यामुळे सर्व ओढ आकडीलाच सोसावी लागते.

पितळेचा पसरण्याचा व आकसण्याचा गुण

दाब चढताच पुंगळीची पातळ भिंत फुगून चेंबरला घट्ट टेकते. ह्यामुळे वायू मागे निसटत नाही. दाब उतरला की पितळ लवचीकपणामुळे थोडे आकसते आणि पुंगळी व चेंबर यांच्यात मिलिमीटरच्या एक-दोन शतांशाएवढी फट पडते. पुंगळी सुटी होते ती एवढ्याशा फटीमुळे. काडतुसाच्या पितळेत साधारणतः ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असते. हे मिश्रण पत्र्यातून खोल ओढता येते व ठोकल्या-ओढल्याने हवे तेवढे कठीण होते. पितळ फार मऊ राहिले तर ते फुगते, परंतु पुरेसे आकसत नाही.

आता चेंबरच्या भिंतीवर काजळी, शिसे व मेण यांचा थर बसला असेल तर ती बारीक फट नाहीशी होते आणि पुंगळी घासत मागे येते. हे घर्षण किती महाग पडते याचा हिशेब करता येतो. वर धरलेल्या २०० ग्रॅमच्या बोल्टची गतिज ऊर्जा सुमारे दीड जूल भरते. पुंगळीला १५ मिलिमीटर अंतरात सरासरी ५ किलोग्रॅमचा विरोध झाला, तर सुमारे पाऊण जूल ऊर्जा तेथेच खर्च होते. बोल्टची अर्धी शक्ती गेली. उरलेल्या शक्तीत स्प्रिंग दाबणे, घोडा मागे पाडणे व पुंगळी उडविणे ही कामे नीट होणार नाहीत. विरोध आणखी वाढला तर पुंगळी चेंबरमध्येच राहील, आणि आकडी तिच्या मऊ कडेवरून घसरेल किंवा तिचा लचका तोडील. आकडी हरली असे वरून दिसेल, परंतु दोष तिचा नसेल.

पुंगळी कोठे सापडते?

बिघाड ओळखण्याची पहिली पायरी म्हणजे पुंगळी नेमकी कोठे आहे ते पाहणे. सर्वच प्रकारांना ‘पिस्तूल अडकले’ असे म्हटले जाते, परंतु त्यांत तीन निराळे दोष असतात.

पुंगळी पूर्णपणे चेंबरमध्ये असून बोल्ट तिला सोडून मागे गेला असेल, तर तो पुंगळी न सुटण्याचा खरा दोष होय. कित्येकदा बोल्ट परत येताना दुसरे काडतूसही पुढे ढकलतो आणि ते पुंगळीच्या बुडावर येऊन अडते.

पुंगळी चेंबरमधून बाहेर पडली, परंतु खिडकीत चुलीच्या धुराड्यासारखी उभी अडकली, तर सुटण्याची क्रिया पूर्ण झाली होती. उडविण्याची झाली नाही. बोल्ट पुरेसा मागे गेला नाही, खुंटी झिजली किंवा आकडीची पकड मध्येच सुटली, अशी कारणे तेथे शोधावी लागतात.

पुंगळी बाहेर पडून गेली आणि नवे काडतूस तिरपे होऊन अडले, तर दोष बहुधा मॅगझिनमध्ये असतो. त्याचे ओठ वाकलेले असतात किंवा त्याची स्प्रिंग थकलेली असते.

पुंगळीवरील खुणा

अडकलेली पुंगळी फेकून देणे म्हणजे पुरावाच फेकून देणे होय. भिंग घेऊन तिची कड पाहिली तर बरेच काही कळते.

कडेवर आकडीने खोल चावा घेतलेला असेल किंवा तिचा तुकडा निघालेला असेल, तर आकडीने पकड घेऊन ओढले होते, पण पुंगळी आली नाही, असा अर्थ होतो. अशा वेळी दोष चेंबरकडे किंवा काडतुसाकडे असण्याचा संभव अधिक. उलट, कडेवर आकडीची खूण मुळीच नसेल किंवा केवळ पुसट ओरखडा असेल, तर आकडीला पकडच मिळाली नव्हती. तिचे टोक झिजले असेल, स्प्रिंग कमजोर झाली असेल, किंवा तिच्याखाली मेण व काजळी दाटून बसल्यामुळे ती कडेपर्यंत पोहोचत नसेल.

पुंगळीच्या अंगावर तोंडापासून बुडाकडे उभे ओरखडे असतील तर चेंबर खरखरीत आहे. ओरखडा प्रत्येक पुंगळीवर एकाच ठिकाणी येत असेल तर चेंबरच्या काठाला खरप उठली असावी. पॉइंट बावीस पिस्तुलात काडतूस नसताना चाप ओढला तर काही रचनांत फायरिंग पिन चेंबरच्या पोलादी काठावर आपटते. असे वारंवार झाल्यास काठ चेपून आतल्या बाजूस उंचवटा येतो, आणि फुगलेली पुंगळी त्या उंचवट्यापाशी अडते. कोरडा सराव करताना बनावट काडतूस किंवा पिस्तुलातील सरावाची सोय वापरावी, असे नेमबाजांना सांगतात ते याच कारणासाठी.

पुंगळीचे अंग बाहेरून काळे झाले असेल तर दाब कमी पडला होता. भिंत चेंबरला घट्ट टेकली नाही आणि वायू बाजूने मागे आला. अशा काडतुसाने बोल्टलाही कमी धक्का मिळतो.

एक सोपी कसोटी

चेंबर व आकडी यांपैकी दोषी कोण, हे ठरविण्याची एक सोपी कसोटी आहे. ती नेमबाजीच्या मैदानावर, नळी लक्ष्याकडे ठेवून व बोट चापापासून दूर ठेवूनच करावयाची असते. भरलेले पिस्तूल गोळी न झाडता रिकामे करताना बोल्ट हाताने मागे ओढला जातो. त्या वेळी काडतूस प्रत्येक वेळी सहज बाहेर येत असेल, आणि उडालेली पुंगळी मात्र अडकत असेल, तर आकडी आपले काम करीत आहे. दोष चेंबरचा किंवा काडतुसाचा आहे. न उडालेले काडतूसच मागे राहत असेल, आणि उडालेल्या पुंगळ्या मात्र बहुधा सुटत असतील, तर आकडी तपासली पाहिजे. वायूच्या जोरामुळे तिचा दोष आजवर झाकला गेला होता.

हाताने बोल्ट चालविण्याच्या बंदुकीत हा फरक नेमबाजाच्या हातालाच कळतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस येथे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या प्रकारातही पॉइंट बावीसचेच काडतूस असते, परंतु प्रत्येक पुंगळी हातानेच बाहेर काढावी लागते. चेंबर चिकट होऊ लागले की बोल्ट जड लागतो व सूचना वेळीच मिळते. स्वयंचलित पिस्तुलात अशी सूचना मिळत नाही. ते चालते, चालते आणि मग एकाएकी थांबते.

रायपूरचा उन्हाळा

नागपूरच्या पूर्वेस, १९५६ पर्यंत नागपूर हीच ज्या राज्याची राजधानी होती त्या राज्यात असलेले आणि २००० सालापासून छत्तीसगडची राजधानी असलेले रायपूर उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध आहे. मे महिन्यात तेथे पारा ४४-४५ अंश सेल्सियसपर्यंत चढतो, तर हिवाळ्याच्या पहाटे तो १२ अंशांच्या आसपास येतो. अशा ठिकाणी पुंगळी अडकली की ‘उन्हाने धातू फुगला’ असा समज होणे स्वाभाविक आहे. हा समज आकड्यांनी तपासून पाहता येतो.

पितळ दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे १९ दशलक्षांश इतके प्रसरण पावते आणि पोलाद सुमारे १२ दशलक्षांश. दोहोंतील फरक ७ दशलक्षांश. १२ अंशांपासून ४५ अंशांपर्यंत, म्हणजे ३३ अंशांच्या फरकाने, ५.७ मिलिमीटर व्यासाची पुंगळी चेंबरच्या मानाने केवळ ०.००१३ मिलिमीटर अधिक फुगते. पुंगळी सुटी करणारी फट मिलिमीटरच्या एक-दोन शतांशाएवढी असते, म्हणजे ही वाढ तिच्या फार तर आठव्या हिश्शाएवढी आहे. निव्वळ धातूच्या प्रसरणामुळे स्वच्छ चेंबरमध्ये पुंगळी अडकण्याचे कारण नाही.

तरीही उन्हाळा व हिवाळा निराळ्या वाटेने परिणाम करतात. पॉइंट बावीसच्या शिशाच्या गोळीवर मेणाचा किंवा चरबीयुक्त वंगणाचा पातळ लेप असतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत तापमान ६० अंशांच्या वर जाऊ शकते. तेथे ठेवलेल्या काडतुसांवरील लेप मऊ होऊन पाझरतो, पुंगळीच्या अंगावर पसरतो व चेंबरमध्ये जातो. त्यावर काजळी, शिशाचा चुरा आणि उन्हाळ्यातील धूळ बसून चिकट लुकण तयार होते. पेटविण्याच्या काही मिश्रणांत काचेची बारीक पूडही असते. ती ह्या लुकणात मिसळली की घर्षण आणखी वाढते. हिवाळ्यात हेच मेण कठीण होते आणि बोल्टवरील जाड तेल घट्ट होऊन त्याची चाल मंदावते. पावसाळ्यात, जेव्हा रायपूरला वर्षाच्या पावसाचा मोठा भाग पडतो, दमट हवेने चेंबरवर बारीक गंज चढण्याचा धोका असतो. एकच तक्रार तीन ऋतूंत तीन कारणांनी येऊ शकते, म्हणून तक्रारीबरोबर दिवस व हवामान यांची नोंद आवश्यक ठरते.

लहान काडतुसाचे वलय

चेंबरमधील मळाचे आणखी एक रूप आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपर्यंत रॅपिड फायर प्रकारात पॉइंट बावीस शॉर्ट हे आखूड काडतूस वापरले जात असे. त्याची पुंगळी सुमारे १०.७ मिलिमीटर लांब असते. २००५ पासून तेथेही लाँग रायफल जातीचे काडतूस आवश्यक झाले. लाँग रायफलच्या चेंबरमध्ये आखूड काडतुसे पुष्कळ उडविली तर त्यांच्या तोंडापुढील मोकळ्या जागेत शिसे व काजळी यांचे कठीण वलय जमते. नंतर लांब काडतूस घातले की त्याची पुंगळी त्या वलयाला भिडते आणि अडकते. सरावासाठी स्वस्त म्हणून निराळ्या लांबीची काडतुसे वापरण्याचा मोह त्यासाठी टाळावा. योग्य काडतूस वापरूनही पुंगळीच्या तोंडाशी असे वलय हळूहळू तयार होतेच. नळी चकचकीत दिसली तरी चेंबर स्वच्छ असेल असे नाही.

चेंबर स्वच्छ करण्यासाठी योग्य मापाचा कांस्याच्या तारांचा ब्रश, मळ विरघळविणारे द्रव्य व सुती चिंधी वापरतात. पोलादी तारांनी चेंबर खरवडू नये. शेवटी चेंबर कोरडे पुसून घ्यावे लागते. चेंबरमध्ये तेल राहिले तर धूळ चिकटते, आणि पुंगळीची भिंतीवरील पकड कमी होऊन बोल्टवर अधिक रेटा येतो. त्यानंतर उडालेली एक रिकामी पुंगळी बोटाने चेंबरमध्ये सरकवून, पिस्तुलापासून सोडविलेली नळी उलटी करावी. पुंगळी सहज सुटत नसेल तर चेंबर अनुभवी शस्त्र-कारागिराला दाखवावे. चेंबर घासणे किंवा आकडीचे टोक कानशीने घडविणे हे घरी करण्याचे काम नव्हे. काढलेला धातू परत बसविता येत नाही.

एका वेळी एकच बदल

पिस्तूल अडले की घाईने चेंबर साफ केले जाते, आकडी बदलली जाते, नव्या जातीची काडतुसे आणली जातात आणि स्प्रिंगही बदलली जाते. बिघाड गेला तरी तो कशामुळे गेला हे कळत नाही, आणि पुन्हा आला तर शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो. म्हणून क्रम ठरलेला असावा. प्रथम सफाई. नंतर त्याच पिस्तुलात दुसऱ्या जातीची काडतुसे. नंतर आकडी व तिची स्प्रिंग. शेवटी परतीची स्प्रिंग. दोन बदलांच्या मध्ये पुरेशा गोळ्या झाडून निकाल वहीत लिहावा. नेमबाजाची पकडही तपासावी लागते. मनगट सैल असले तर सबंध पिस्तूलच बोल्टबरोबर मागे जाते, आणि पिस्तुलाच्या मानाने बोल्टची चाल अपुरी पडते. तेच पिस्तूल दुसऱ्या नेमबाजाच्या हाती सुरळीत चालत असेल तर ही शंका बळावते.

‘पुरेशा गोळ्या’ म्हणजे किती, ह्याचे उत्तर संभाव्यतेच्या गणितातून मिळते. पिस्तूल सरासरी ५० गोळ्यांत एकदा अडकत असेल, तर प्रत्येक गोळी निर्वेध जाण्याची शक्यता १०० त ९८ आहे. काहीही दुरुस्ती न करता झाडलेल्या ५० गोळ्या सलग निर्वेध जाण्याची शक्यता ०.९८ चा पन्नासावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के येते. दोष कायम असतानाही तीनांत एकदा पिस्तूल दुरुस्त झाल्यासारखे भासेल. हीच शक्यता १५० गोळ्यांना सुमारे ५ टक्के उरते. दुरुस्तीनंतर काडतुसांची एक पेटी बिनबोभाट संपली म्हणून सामन्याला निघणाऱ्या नेमबाजाला पुष्कळदा धोका होतो, त्याचे मूळ ह्या हिशेबात आहे.

मैदानावरील शिस्त

सामन्यात बिघाड झाला तर नेमबाजाने पिस्तूल लक्ष्याच्या दिशेस धरून ठेवावे आणि मोकळा हात वर करून पंचांना कळवावे, असा आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियम आहे. पुंगळी चेंबरमधून न सुटणे किंवा बाहेर न उडणे हा नियमाने ग्राह्य बिघाड आहे, आणि ३० गोळ्यांच्या प्रत्येक टप्प्यात एकदा त्याची दाद मागता येते. मात्र पंचांनी पाहण्यापूर्वी नेमबाजाने बोल्टला किंवा यंत्रणेला हात लावला तर दाद मिळत नाही. चुकीची काडतुसे, नीट न बसविलेले मॅगझिन किंवा काढावयाचा राहिलेला सुरक्षेचा खटका हेही ग्राह्य बिघाड नव्हेत. यंत्राचा दोष आणि माणसाची चूक यांत नियमाने असा भेद केलेला आहे. तो भेद करण्यासाठी पुंगळी जेथे अडली तेथेच पंचांना दिसली पाहिजे.

सरावातही हीच सवय उपयोगी पडते. चाप ओढूनही गोळी सुटली नाही तर आग उशिरा पेटण्याचा संभव असतो. म्हणून नळी लक्ष्याकडेच ठेवून काही वेळ थांबावे लागते. अडकलेल्या पुंगळीमागे जिवंत काडतूस आले असेल तर मॅगझिन काढून प्रथम ते काडतूस हलकेच बाजूला घ्यावे लागते. नळीच्या पुढून सळई घालून ठोकणे तेथे अत्यंत धोक्याचे आहे, कारण पेटविण्याचे मिश्रण कडेत असते आणि कड चेपली की काडतूस चेंबरबाहेरच फुटू शकते. काडतूस दूर झाले, पिस्तूल रिकामे असल्याची खात्री पटली, म्हणजे पुंगळी काढावी, तिची कड भिंगाखाली पाहावी, आणि दिवस, हवामान, काडतुसाची जात व कितव्या गोळीला बिघाड झाला हे वहीत लिहून मगच पुढील गोळी भरावी.